पालशेपटी

अंगदने केबलवर विळा ठेवला आणि दाबला. वरचं काळं आवरण फाटलं, आतलं पांढरं फाटलं आणि तांब्याची चमक दिसली. चॉकी केंद्राच्या ओट्यावर जमलेल्या बायका थोड्या मागे सरकल्या. अंगदने तो तुकडा उन्हातल्या खुर्चीवर ठेवला आणि सगळ्यांना म्हणाला की आता निवांत चहा घ्या.

चहा होईपर्यंत जखमेच्या कडांवर दवासारखे बारीक थेंब आले. ते एकमेकांत मिसळले आणि दुधावर साय धरावी तसा पापुद्रा धरला. कप विसळून होईतो तांबं दिसेनासं झालं. अंगदने तुकडा बादलीतल्या पाण्यात बुडवला, त्यात वीज सोडली आणि मीटर सगळ्यांना दाखवला. पाण्यात थेंबभर वीजही झिरपत नव्हती.

कंपनीने या केबलचं नाव ‘स्वयंभर’ ठेवलं होतं. तिच्या आवरणात डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो कुप्या असत आणि प्रत्येक कुपीत एक पातळ द्रव्य असे. आवरण चिरलं की त्या जागच्या कुप्या फुटत, द्रव्य बाहेर येई आणि ऊन लागताच गोठून बसे. गावाने मात्र तिला दुसरंच नाव दिलं. पालीचं शेपूट तुटलं तरी पुन्हा येतं, म्हणून ती पालशेपटी.

बंकट घुमरे सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याच्या हातातला चहा निवला होता. त्याने सारं नीट पाहिलं होतं, आणि त्यात कुठेही लबाडी नव्हती. हेच त्याला सोसत नव्हतं.

त्या वर्षांत बीड जिल्ह्याच्या या भागात सौर पॅनेल नसलेलं घर उरलं नव्हतं. विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, दूध गार ठेवायची टाकी, सगळं उन्हावर चाले. पॅनेल कुणाचंही घ्या, पंचवीस वर्षं ते सूर्याकडे तोंड करून बसे. मरायची ती केबल. उन्हाने तडकायची, उंदीर-खारींच्या दातांनी सोलली जायची. म्हणून पूर्वी माणसं जशी बियाण्यावर वाद घालत, तशी आता केबलवर घालत. आणि त्या वादात शेवटचा शब्द वीस वर्षं बंकटचा, गावच्या वायरमनचा, असे.

मग अंगद आला. अंगद लोमटे म्हणजे बंकटचा साडू, त्याच्या धाकट्या मेव्हणीचा, संजीवनीचा नवरा. आधी मोबाईलच्या टॉवरवर काम करायचा. ते काम सुटल्यावर बंकटनेच त्याला हाताशी धरलं, केबलचं टोक कसं सोलायचं ते शिकवलं. दोन वर्षांनी अंगद नव्या कंपनीचा तालुक्याचा माणूस झाला. बोलायला गोड, दिसायला नीटनेटका, कुणाच्याही घरी गेला की आधी म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा. सासुरवाडीला आता जेवणाच्या पंगतीत सासरे त्याला शेजारी बसवत. सासूबाईंचा मिक्सर बिघडला तर फोन अंगदला जाई. बंकट तिथेच ओसरीवर बसलेला असला तरीही.

अशा गोष्टी बोलून दाखवता येत नाहीत. मिक्सरसाठी रुसणारा जावई लोकांना हसू आणतो. म्हणून बंकट गप्प राही, आणि ते गप्प राहणं आतल्या आत आंबत जाई.

चॉकी केंद्र मात्र मिक्सर नव्हतं. ते त्याच्या बायकोचं होतं.

गावात तुतीची लागवड वाढली तेव्हा मुद्रिकाने हे केंद्र काढलं. रेशमाच्या अळ्या अंड्यातून बाहेर येतात तेव्हा केसाएवढ्या असतात. ऊन थोडं वाढलं, हवा थोडी कोरडी झाली, तर मरून जातात. म्हणून पहिले काही दिवस त्यांना एकत्र, गारव्यात, तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घालत वाढवायचं आणि दुसरी कात टाकली की शेतकऱ्यांना द्यायचं. या वाढवण्याला चॉकी म्हणतात. मुद्रिकाच्या अळ्यांवर गावातली अठरा घरं अवलंबून होती. उन्हाळ्यात गारवा थांबला तर सगळीकडचा हंगाम एकदम जाणार. आणि केंद्राचं छप्पर हलकं असल्यामुळे पॅनेल पलीकडे बांधावर होती. तिथून कुंपणाच्या भिंतीने लांब केबल आणावी लागे.

नवी केबल टाकायची ठरली तेव्हा बंकटने सगळा विचार केला होता. कल्हई केलेल्या तांब्याची, दोन आवरणांची, आणि इतक्या लांबीला जाड. लांबून पाणी आणायचं तर नळी रुंद लागते, नाहीतर पाणी वाटेतच दमतं, विजेचंही तसंच असतं. वर सगळी केबल लोखंडी पाईपातून. पॅनेलची वीज एका दिशेने वाहते. तिची ठिणगी एकदा पेटली की घरातल्या विजेसारखी आपोआप विझत नाही, जळत राहते. म्हणून तिच्याशी खेळ नको, असं त्याने मुद्रिकाला जेवताना समजावलं.

मुद्रिकाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गेल्या उन्हाळ्यात पाईपच होता ना? उंदीर आत शिरला. वर्षभर आतून कुरतडत होता, तुम्हालाही दिसलं नाही अन् मलाही नाही. मी अंगदरावांना सांगितलंय.”

“सांगितलंय?”

“त्यांची पालशेपटी टाकायची म्हणून.”

बंकट हात धुवायला उठला. घरात वायरमन असताना बायकोने साडूला बोलावलं, ही गोष्ट पारावर दुसऱ्याच दिवशी पोचली. कुणीतरी हसत विचारलं की बंकटराव, आता वहिनींना सांगून आमच्याही घरची जोडणी अंगदरावांकडून करून देता का. तोही हसला. हसताना त्याचे कान तापले होते.

अंगदने केबल टाकली. पाईप नाही, काही नाही, भिंतीवरून उघडी. बंकटला वळणं फार ताठ वाटली, बांधणी सैल वाटली. पण जखम आपोआप भरणाऱ्या केबलला वळण कसं दिलं याने काय फरक पडतो, असं अंगद म्हणाला, आणि तेही खरंच होतं. काम संपवून तो बंकटजवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “पाहुणे, तुमच्याच हाताखाली शिकलो.” चार माणसांसमोर म्हणाला. त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बंकटला बरं वाटलं असतं.

चैत्र सरला, वैशाख लागला. बंकट रोज काही ना काही निमित्त काढून केंद्राच्या मागे जाऊ लागला. भिंतीलगत चालायचा आणि केबलवर नजर टाकायचा. खारींनी दात लावलेले दिसत. प्रत्येक जागी फिकट वण होता, भरलेला, गुळगुळीत. तो वणावर अंगठा फिरवायचा. आपण काय शोधतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एखादी तरी जखम उघडी सापडावी. मग तो मुद्रिकाला हाताला धरून आणेल आणि काही न बोलता दाखवेल. हे चित्र त्याने मनात इतक्यांदा रंगवलं होतं की त्यात मुद्रिकाने कुठलं लुगडं नेसलंय तेही ठरलेलं होतं.

एकदा ती खिडकीतून त्याच्याकडे पाहत होती. त्याला ते फार उशिरा कळलं. तो भिंतीपासून दूर झाला आणि उगाच कुंपणाचा खांब हलवून पाहू लागला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ऊन असं तापलं होतं की कावळेसुद्धा सावलीला बसून चोच वासत होते. मुद्रिका आणि संजीवनी तुतीच्या मळ्यात पाला खुडायला गेल्या होत्या. आत चॉकीच्या ताटल्यांमध्ये नव्या हंगामाच्या अळ्या होत्या, दोन दिवसांनी अठरा घरी जायच्या. गारव्याचं यंत्र घुमत होतं. बंकट मागच्या बाजूला गेला.

भिंतीच्या कोपऱ्यावर लाल आणि काळी अशा दोन्ही केबली जिथे एकत्र वळत होत्या, तिथे काहीतरी लोंबत होतं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू, मिरच्या आणि मधोमध एक बिब्बा. तो जवळ गेला. उन्हाने बिब्ब्यातून काळं तेल सुटून केबलींवर पसरलं होतं. तेवढ्याच जागी आवरण मऊ पडून चिकट झालं होतं. खारीने तिथेही दात लावले होते, दोन्ही केबलींना, आणि ती जखम भरलेली नव्हती. तांबं दिसत होतं. लाल केबलीपासून काळीपर्यंत, लिंबाचा रस ओघळला होता त्या वाटेने, जळका कोळशासारखा पट्टा उमटला होता. त्यातून बारीक करकर ऐकू येत होती.

त्याला पहिल्यांदा आनंद झाला. छातीत एकदम मोकळं वाटलं, खूप दिवसांनी.

मग त्याचं लक्ष पुन्हा त्या लोंबणाऱ्या गोष्टीकडे गेलं. बिब्बा कशासाठी बांधतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. नव्या गाडीला बांधतात, नव्या घराला बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. इथे तो कुणाच्या दृष्टीसाठी बांधला होता? या भिंतीमागे रोज येऊन टक लावून पाहणारा गावात एकच माणूस होता.

संजीवनीचंच काम हे, त्याने ठरवून टाकलं.

करकर वाढली. आता एक ठिणगी पेटली की भिंत, छपराचं गवत, आतल्या ताटल्या. तो धावत बांधावर गेला आणि पॅनेलजवळच्या पेटीतला मोठा खटका पाडला. केंद्रातली घुमघुम थांबली.

यंत्र बंद पडताच आतली हवा तापणार होती. हे त्याला खटका पाडतानाच माहीत होतं. त्याने फोन काढला आणि सरपंचांना लावला, मग पारावरच्या आणखी तिघांना. लगेच या म्हणाला, पालशेपटी काय करते ते डोळ्यांनी बघा. आणि पॅनेलच्या सावलीत बांधावर बसला. कुणी जखमेला हात लावू नये, म्हणून राखण करत बसला.

माणसं येण्याआधी मुद्रिका आली. मळ्यातून निघतानाच तिला आवाज थांबल्याचं कळलं होतं. ती पाल्याचं ओझं वाटेत टाकून पळत आली होती, मागे संजीवनी. ती बंकटकडे आली नाही. आत गेली, ओली पोती ताटल्यांवरच्या चौकटींना लावू लागली. मग सरपंच आले, माणसं आली, मोटारसायकलवरून अंगद आला. त्याने आधी पडलेला खटका पाहिला, मग खाली बसलेला बंकट.

“पाहुणे,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा होता. त्या मुक्या जिवांवर कशाला?”

बंकट त्यांना कोपऱ्यावर घेऊन गेला. जखम दाखवली, जळका पट्टा दाखवला. माणसांनी वाकून पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. पालशेपटीला जखम राहत नाही, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी चहा पिता पिता पाहिलं होतं. न भरणारी जखम म्हणजे कुणीतरी काहीतरी ओतून केलेली जखम. तेल, तेजाब, काहीही. वायरमनजवळ सगळंच असतं. सरपंचांनी घसा साफ केला आणि जाऊ द्या म्हणाले. त्या ‘जाऊ द्या’त सगळा निवाडा होता.

“अन् हे कुणी बांधलं?” बंकटने बिब्ब्याकडे बोट दाखवलं. तो संजीवनीकडे पाहत होता. “कुणासाठी बांधलं?”

“मी काय बांधू दाजी,” संजीवनी म्हणाली. “मला तर आत्ताच दिसलं.”

दारातून मुद्रिकाचा आवाज आला. तिच्या हातात ओलं पोतं होतं.

“मी बांधलंय.”

अंगदने गाडीला लावलेल्या पिशवीतून केबलचा तुकडा आणला, जळका भाग कापून काढला आणि नवा जोडला. बिब्ब्याची माळ त्याने न तोडता बाजूला ठेवली. यंत्र पुन्हा घुमू लागलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्या हंगामात अठरापैकी सहा घरांना अळ्या मिळाल्या नाहीत.

कापलेला तुकडा अंगदने कंपनीकडे पाठवला. बंकटने नेमकं काय ओतलं ते कळावं म्हणून. काही दिवसांनी उत्तर आलं नाही, माणूसच आला. डॉक्टर तन्वी काळदाते, आवरणातल्या कुप्या ज्यांनी बनवल्या त्यांच्यापैकी एक. तिशीची, पायात बूट, डोक्याला रुमाल. तिने कोपरा पाहिला, माळ पाहिली आणि बिब्बा उचलायला हात पुढे केला. तेव्हा मुद्रिकाने तिचं मनगट धरलं. हाताला लावू नका, अंगावर उततं.

डॉक्टरबाई थोडा वेळ त्या मनगटाकडेच पाहत राहिली. मग तिने ओट्यावर बसून सगळ्यांना समजावलं. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं तसंच कुप्यांचं कवच मऊ करतं. द्रव्य जखम होण्याआधीच झिरपून जातं. जे उरतं तेही गोठत नाही, कारण त्या तेलातलं एक द्रव्य नेमकी गोठण्याचीच क्रिया अडवतं. खारीचे दात पडले तेव्हा भरून काढायला तिथे काही उरलंच नव्हतं. पॅनेलला जोडलेल्या यंत्राने त्या दिवशी सकाळीच अंगदच्या फोनवर वीजगळतीचा इशारा दिलेला होता, तोही तिने काढून दाखवला. अंगद म्हणाला की असे इशारे रोज येतात, दुपारपर्यंत जखम भरते आणि थांबतात, म्हणून मी पाहत नाही.

“आम्ही मीठ लावून पाहिलं, डिझेल लावून पाहिलं, कबुतराची विष्ठासुद्धा,” डॉक्टरबाई म्हणाली. “बिब्बा नाही लावला. प्रयोगशाळेत कुणाची दृष्ट लागत नाही.”

माणसं हसली. ती हसली नाही. राज्यात किती गावांत ही केबल गेली आहे आणि किती ठिकाणी लोकांनी ती नवी म्हणून हौसेने बिब्बा बांधला असेल, याचा ती मनात हिशेब करत असावी. तिने अंगदला सांगितलं की उद्यापासून गावोगाव फिरून माळा काढायच्या. नुसतं सांगून कुणी काढणार नाही, बघणारा जाणता माणूस बरोबर हवा. आणि तिने बंकटकडे पाहिलं. तुम्ही खटका पाडला नसता तर केंद्र राहिलं नसतं, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली.

अंगद उठून बंकटजवळ आला. “पाहुणे, माझं चुकलं,” म्हणाला आणि वाकला. बंकटने त्याला वाकू दिलं. मग उचललं. पारावर त्या संध्याकाळी बंकटला जागा करून दिली गेली. कुणीतरी गमतीने म्हणालं की दृष्ट लागू नये म्हणून बांधलं अन् त्याच्यानेच लागली, तुमची नजर पक्की आहे बंकटराव. तोही हसला, आणि या वेळी कान तापले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघायच्या तयारीत केंद्रावर गेला. मुद्रिका नव्या हंगामासाठी पाला चिरत होती. सुरी लाकडावर एका लयीत पडत होती. तो शेजारी बसला. अंगद गाडी घेऊन येतोय म्हणाला. ती हो म्हणाली. तो थोडा थांबला. तिने बांधलेल्या माळेबद्दल ती काहीतरी बोलेल, निदान चुकलं म्हणेल, अशी त्याला आशा होती.

“मी बांधली कारण मी भीत होते,” ती सुरी न थांबवता म्हणाली. “तुम्ही रोज त्या भिंतीकडे ज्या नजरेने बघायचा ना, त्या नजरेने तुम्ही माझ्याकडे कधी बघू नये असं वाटायचं.”

त्याने काहीतरी उत्तर जुळवायला सुरुवात केली.

“एक विचारते. खटका पाडला ते बरोबर केलं. केंद्र वाचवलं, सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण अंगदरावांनी तुकडा जोडला तेव्हा मी बघत होते. पाला चिरायलाही त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुमच्याजवळ केबल नव्हती का?”

केबल होती. भिंतीला टेकवलेल्या मोटारसायकलच्या पिशवीत, त्याची स्वतःची, कल्हई केलेली, दोन आवरणांची. पकडही होती, जोडही होते.

“होती,” तो म्हणाला.

“मग बसून का राहिलात?”

बाहेर अंगदचा हॉर्न वाजला, एकदा, आदराने. बंकट उठला नाही. जखम सगळ्यांना दिसायला हवी होती म्हणून, असं तो त्या दिवसापासून स्वतःला सांगत आला होता, आणि ते खोटं नव्हतं. ते तिला सांगायला त्याने तोंड उघडलं, पण नजर ताटल्यांकडे गेली.

मुद्रिकाने चिरलेला पाला सुपात भरला आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

“आज त्यांच्याबरोबर गावोगाव जाणार. तुमची पिशवी बरोबर असेल. एखाद्या घरी त्यांनी टाकलेली केबल अशीच जळताना दिसली आणि आत कुणाचं काही जिवंत असलं,” ती म्हणाली, “तर आधी पकड काढाल की फोन?”